भिंतीला सहा पुऱ्या

“तुम्ही चीनची भिंत पाहिलीत का? हो की नाही, एवढंच सांगा,” वीणाताई म्हणाल्या.

मुरलीधर कणीक तिंबत होता. “भिंतीला सात वेळा गेलो, ताई. म्हणजे डबे गेले.”

वीणाताईंची सहल कंपनी लंडनच्या एजवेअरमध्ये होती. विलायतेत तीस वर्षं काढलेल्या मराठी माणसांना बीजिंगमध्ये वरणभात मिळवून देणं, हा तिचा धंदा. त्यासाठी मुरलीधरला सांगलीहून वर्क परमिटवर आणलेलं. मंडळी राजवाडे बघत, तो हॉटेलच्या किचनमध्ये उसन्या शेगडीवर कुकर लावी.

चार वर्षं काढली की कायमचं राहता येतं, असं ऐकून तो आला होता. चौथं वर्ष संपता संपता सरकारने चाराची पाच केली. आता आठ महिने उरले होते, आणि यंदाच्या मंडळींना म्हणे बदक खायचं होतं. सहलीला आचारी नको तर आचाऱ्याला परमिट नको. मग मुरलीधर, बायको सीमा आणि ऐन जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, वर्षातली मुलगी स्वराली, तिघांनीही सामान बांधायचं.

“काका, लोकांना लोकल फूड पाहिजे,” वीणाताईंचा मुलगा अनिश म्हणाला. त्याचा जन्म इथलाच. “तो डम्पलिंग्ज, ती डक. डबा आता कोण खाते?”

“म्हणूनच म्हणतोय ना, ताई, मी गाइडचंही काम करतो,” मुरलीधर म्हणाला. “एका पगारात दोन्ही.”

बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर लवकर आटपलं असतं. “अकराला सहलीचे सगळे हॉलवर येतायत,” त्या म्हणाल्या. “पाच मिनिटं बोला. पण आचारी न्यायचा की नाही, ह्यावर शेवटी मी मतं घेणार हं.”

भाड्याने घेतलेल्या चर्चच्या हॉलमध्ये चाळीस माणसं जमली. मुरलीधर हात पुसून माइकपुढे उभा राहिला. कॉव्हेंट्रीचे निवृत्त भूलतज्ज्ञ डॉक्टर रघुवीर पहिल्याच रांगेत होते.

“राजवाडा बघायला किती वेळ लागतो हो?”

“साडेतीन तास. मंडळी दीडला परततात. आल्या आल्या आधी सरबत द्यावं लागतं. चालणं फार असणार.”

“आणि भिंत?”

“भिंतीला माणशी सहा पुऱ्या. एरवी चार. पायऱ्या उंच असाव्यात.”

हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, “आणि ते स्वर्गाचं मंदिर?”

मुरलीधरने जरा विचार केला. “तिथून आलेली माणसं भांडत नाहीत. एकमेकांना वाढतात. बघण्यासारखं असणार काहीतरी.”

टाळ्या पडल्या. अनिशने शिट्टी मारली. कित्येक आठवड्यांनी मुरलीधरला पुरता श्वास घेता आला.

“वा!” डॉक्टर उठून म्हणाले. “म्हणजे सात वेळा जाऊन ह्यांनी बीजिंग पाहिलं नाही, आणि ह्यांच्या पुऱ्या खाऊन आपण ते चाखलं नाही. दोघांची सुटका करू या की आता!”

“फक्त आठ महिने,” मुरलीधरच्या तोंडून निघून गेलं. माइक चालूच होता. “डॉक्टर, आठच महिने खा हो माझ्या हातचं. मग बदक खा, काय वाटेल ते खा.”

हा विनोद सगळ्यांना सर्वांत जास्त आवडला.

वीणाताईंनी मतं घेतली. आचाऱ्याच्या बाजूने तीन हात वर झाले. दोन मधुमेही, आणि एक मनीषाबाई, ज्या दोन्ही वेळेला हात वर करत होत्या. कामावरून कमी केल्याचं पत्र सोमवारी देते, असं वीणाताई त्याच्या खांद्याकडे बघत म्हणाल्या.

मग जेवणं झाली. चाळीसजण पोटभर जेवले, आणि उरलेली भाजी घरी न्यायला बायकांनी पिशवीतून डबे काढले. मुरलीधरने प्रत्येकीला भरून दिली.

हॉलच्या सिंकमध्ये कढई मावेना. ती त्याने कार पार्कमधल्या नळाखाली नेली आणि पावसाच्या भुरभुरीत उकिडवा बसून तो घासू लागला. डॉक्टर छत्री घेऊन आले. हातात पेन आणि सहलीचा कागद.

“मुरलीधर, मिसेस विचारतेय, भाजीत काय काय घालता? आमच्याकडे ही चव काही येत नाही बुवा.”

आचारी हे कोणाला सांगत नाहीत. मुरलीधरने बापालाही सांगितलं नसतं.

“लिहून घ्या,” तो म्हणाला. धने किती, बडीशेप किती, आधी काय भाजायचं, गॅस कधी बारीक करायचा, सगळं त्याने सावकाश सांगितलं. डॉक्टर मागे पडले की तो थांबत होता. हिंगाचं प्रमाण त्यांनी चुकीचं लिहिलं, ते त्याने ओल्या बोटाने दाखवलं आणि खोडायला लावलं.