शालिकरामची समता

पंचशील म्हणताना सगळ्यात मोठा आवाज संघपालचा होता. हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले, आणि प्राणिमात्राची हिंसा न करण्याचं पहिलं शील तर त्याने असं घोळवून म्हटलं की भिंतीशी बसलेल्या दोन म्हाताऱ्या बायांनी कौतुकाने माना डोलावल्या. वच्छलाच्या अंगाची लाही लाही झाली. जावई झाला म्हणून काय झालं! चपला विहाराच्या बाहेर काढून ठेवल्याचा तिला त्या क्षणी खराखुरा पस्तावा झाला.

अकोल्याच्या त्या विहारात बैठक बसली होती ती वच्छलाच्या मुलीसाठी, रश्मीसाठी. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. दोन्हीकडची माणसं आपलीच, जावयाला पक्की नोकरी, घरात सासू तेवढी. लग्न ठरलं तेव्हा वच्छलाच्या गावात, दर्यापुरात, सगळ्यांनी तिच्या नशिबाचं कौतुक केलं होतं. मागच्या आठवड्यात रश्मी एक पिशवी घेऊन माहेरी आली आणि परत जायचं नाव काढीना. कोर्टकचेरी नको, आपल्या माणसांत मिटवू, असा सासरहून निरोप आला. मिटवायला बसले होते पंजाबराव गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. गुरुजींनी आजवर पुष्कळ संसार जोडून दिले होते. जोडताना कोणत्या पोरीला काय गिळावं लागलं, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं.

"बोला तायडे," गुरुजी म्हणाले. "पोरीचे वडील तुमी. पयले तुमीच बोला."

शालिकराम तायडेने डोळे मिटले. पाठ ताठ केली, तळहात गुडघ्यांवर ठेवले आणि लांब श्वास घेतला. सगळी बैठक त्याच्या नाकाकडे पाहत थांबली. वच्छला मनात म्हणाली, घ्या. घ्या श्वास. पण सोडताना त्याच्यासोबत दोन शब्द बाहेर येऊ द्या.

हा माणूस एसटीत मेकॅनिक होता. त्याचा राग साऱ्या गल्लीला माहीत होता. वरणात मीठ जास्त पडलं तर ताट भिंतीवर. शर्टाला गुंडी नसली तर शर्ट चुलीत. एकदा पाहुण्यांसमोर त्याने वच्छलाच्या कानाखाली ओढली होती आणि पाहुणे खाली मान घालून पोहे खात राहिले होते. वच्छला अंगणवाडीत मदतनीस. दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळायची, त्यांना खिचडी भरवायची, आणि संध्याकाळी घरी पाय टाकताना आज कसं वारं आहे याचा अंदाज घ्यायची. तो निवृत्त झाला आणि चोवीस तास घरात राहू लागला, तेव्हा मात्र ती घाबरली. गल्लीतल्या भागीरथाबाईंच्या हातापाया पडून तिनेच त्याचं नाव ध्यानाच्या शिबिरात घातलं. पिशवी तिनेच भरून दिली.

तो परत आला तो वेगळाच होऊन. आवाज खाली आला, हात खाली आला. वरणात मीठ नसलं तरी मुकाट जेवू लागला. वच्छलाने अंगणवाडीत पेढे वाटले होते, हे खोटं कशाला बोला. पुढच्या खोलीत घडी घातलेल्या वाकळेवर तो सकाळ-संध्याकाळ बसायचा आणि घराने तेवढा वेळ दम धरायचा. कुकरच्या शिट्टीने त्याची समता, म्हणजे मनाचा तोल, हलायची, म्हणून डाळ तो उठल्यावर शिजायची. भांडी वाजायची नाहीत. फोन आला तर वच्छलाने घेऊन मागच्या दारी पळायचं. पूर्वी त्याच्या रागाला जपायची, आता शांतीला जपू लागली. जपायचं काम काही सुटलं नाही.

एकदा तिनेही त्याच्याशेजारी बसून पाहिलं होतं. नाकपुडीच्या टोकाशी लक्ष ठेव, तो म्हणाला, आणि स्वतःला विचार, हे कोनाले होऊन रायलं? वच्छलाने विचारलं. आधी उद्याच्या तांदळाचं मोजमाप आलं. मग भिंतीवरून ओघळणारं वरण आलं, आणि पोहे खाणारे पाहुणे. श्वास राहिला बाजूला, तिच्या मुठी वळल्या. त्याचा राग गेला कुठे म्हणून सगळे विचारत. तिला वाटलं, कुठे जाणार, माझ्याच पोटात येऊन बसला आहे. ती उठली आणि डाळ लावली. शिट्टी होऊ दिली.

ध्यानावर तिचा राग नव्हता. भागीरथाबाईही वर्षानुवर्षं ध्यानाला बसत. पण दारूचं दुकान गल्लीत आलं तेव्हा हीच बाई दुकानाच्या दारात आडवी पडली होती आणि एक शब्द वावगा न बोलता दुकान हलवून उठली होती. तसं काही शालिकरामच्या हातून होईल, अशी वेडी आशा वच्छला धरून होती.

कारण त्याला सगळं ठाऊक होतं. रश्मी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी वच्छला तिची वेणी घालत होती. ओढणी बाजूला केली तर गळ्यावर दोन्हीकडून बोटांचे काळेनिळे वळ. वच्छला कंगवा हातात घेऊन तशीच पुढच्या खोलीत गेली. तो बसलेला होता. तिने सगळं सांगितलं, पहिल्यांदाच त्याच्या बैठकीत मोठ्याने बोलली. त्याने ते मिटल्या डोळ्यांनी ऐकलं. मग डोळे उघडून अगदी मायेने म्हणाला, "येते, जाते, वच्छला. कोनतीच गोष्ट टिकत नाई. ते वळ बी जातीन."

कंगव्याचे दात तिच्या तळहातात रुतले. तरी ती गप्प बसली. म्हटलं, विहारात चार माणसांसमोर बोलेल. बाप आहे.

आता तो बोलू लागला.

"मी काय म्हन्तो," शालिकराम म्हणाला, "राग कोनाले येत नाई? मले कमी होता का? त्यायचा राग त्यायच्यापाशी. आपल्या हातात काय हाये? आपला श्वास. मी रश्मीले म्हन्तो, तू शिबिर कर. समोरचा तापला तं आपन तापाचं नाई, श्वास पाहाचा. आला, गेला. मंग खुशाल नांदाले जा. माह्या घरात काय फरक पडला, ते वच्छलाले विचारा."

बैठक मोकळी झाली. आता भांडण होणार नाही, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. रश्मीची सासू पदर सावरत आपल्या व्याह्याकडे पाहून म्हणाली, "असा इवाई भेटाले बी नशीब लागते वो." गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "वा तायडे! याले म्हन्तात समजदार मानूस. संघपाल, तू बी बस जरा ध्यानाले."

"हो ना गुरुजी," संघपाल म्हणाला. "सुट्टी भेटली की करतोच."

वच्छला नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. तो शांत दिसत होता, प्रसन्नही. आणि तिला एकदम कळलं की हा चेहरा आपला ओळखीचा आहे. शिबिराच्या कितीतरी आधीचा आहे. एकदा डबा द्यायला ती डेपोत गेली होती, तेव्हा साहेब शालिकरामला नाही नाही ते बोलत होता आणि शालिकराम असाच उभा होता. असाच, चेहऱ्यावरची माशी न उडवता. त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने ताट भिरकावलं होतं. म्हणजे बाहेर त्याला राग कधी नव्हताच. बाहेर भीती होती. राग तेवढा घरी घेऊन यायचा. शिबिराने त्याचा घरातला राग काढला आणि खाली ही भीती शिल्लक राहिली. तिलाच तो समता म्हणत होता, आणि लोक नमस्कार करत होते.

"बाई रश्मी," गुरुजी म्हणाले, "कबूल हाये ना तुले?"

रश्मी इतका वेळ आईला चिकटून बसली होती. तिने गुरुजींकडे पाहिलंच नाही.

"बाबा, मी पायला," ती म्हणाली.

"काय पायलं, बेटा?"

"श्वास. तुमीच सांगतलं होतं ना मले फोनवर, तो तापला की काई बोलू नको, श्वास पाय. त्या दिवशी त्यायनं दोनी हातानं माह्या गळ्याले धरलं. मी ओरडली नाई. श्वासच पाहून रायली होती, बाबा. येते का म्हनून. येतच नवता."

आणि तिने ओढणी काढून मांडीवर ठेवली.

म्हाताऱ्यांपैकी एक "माय वो" म्हणाली. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा न लावता हातातच धरला. संघपाल म्हणाला, "तसं काई नाई गुरुजी, जरासा हात लागला. तिले वाढवून सांगाची सवयच हाये." सासूबाईंना अचानक पाणी हवं झालं. शालिकरामचे ओठ हलले. वच्छला वाट पाहत राहिली. अजूनही पाहत राहिली. ओठ नुसतेच हलले.

मग ती उठली. बोलली ती जावयाला नाही, नवऱ्याला.

"मीठ जास्त झालं तं तुमाले राग आला. गुंडी तुटली तं आला. पावन्याइच्या समोर मले मारलं, तवा होता ना राग? मी खाल्ला तो सारा. वाटीभर बी सांडू नाई देला बाहेर. आज पोरीसाठी चिमूटभर पाह्यजे होता, तं संपला? आजच संपला तुमचा?"

"वच्छला," तो हात वर करून म्हणाला, "वच्छला, पयले श्वास घे."

"घेऊन रायली ना मी! मले कोनं अडवला? जिचा अडवला तिच्याकडे पाहा!" तिचा आवाज विहाराच्या छताला लागला. एवढा मोठा आवाज आपल्यापाशी आहे हे तिला माहीत नव्हतं. "तुमी फोनवर तिले गप बसाले शिकवलं. तो दाबत होता अन् लेक माही तुमचं ऐकून गप होती. अजून जरा वेळ ऐकली असती तं?"

तिने रश्मीचं मनगट धरलं आणि तिला उठवलं.

"बाई, थांबा," गुरुजी म्हणाले, "घरातली गोष्ट घरात—"

"घरातच दाबला त्यानं, गुरुजी."

बाहेर ऊन भाजत होतं. चपला तापून तव्यासारख्या झाल्या होत्या. वच्छलाने त्या तशाच पायांत घातल्या आणि दिसला तो ऑटो थांबवला. "पोलीस ठाण्यात," तिने सांगितलं. ऑटोवाल्याने आरशातून रश्मीच्या गळ्याकडे पाहिलं आणि भाड्याचं काही बोलला नाही. ठाण्याची पायरी तिने जन्मात चढली नव्हती. पण राग होता, आणि त्याच्या जोरावर ती बसू शकत होती. तो कमी व्हावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं. ठाण्यात सगळं सांगून होईपर्यंत तरी टिक रे बाबा, असं ती त्याला विनवत होती.

ठाण्यात एक पोलीस बाई होती, रश्मीहून थोडी मोठी. तिने रश्मीला खुर्ची दिली, पाणी दिलं, गळा उजेडाकडे करून पाहिला. "दवाखान्यात नेऊन आधी याची नोंद करावी लागते," ती म्हणाली. "पण सांगायला सुरुवात कर. घाई नाही."

रश्मी सांगू लागली. मध्येच तिचा आवाज बसायचा, वळांमुळे की रडण्यामुळे ते कळत नव्हतं. वच्छला तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिच्यासाठीही खुर्ची आणली होती, पण तिच्या लक्षात आलं नाही.

तेवढ्यात दारात सावली पडली. शालिकराम होता. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, धाप लागलेली. ऑटो मिळाला नसावा, किंवा थांबवायचं सुचलं नसावं. तो आत पाहत राहिला. काहीतरी म्हणायचं होतं त्याला, पण धापेपुढे शब्द निघत नव्हता.

"हे कोण?" पोलीस बाईने विचारलं.

रश्मीच म्हणाली, "बाबा."

"आत यायचंय का त्यांना?"

रश्मीने आईकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "ते असले की मले बोलता येत नाई."

शालिकरामने ते ऐकलं. तो मागे सरला, उन्हात गेला. खिडकीतून वच्छलाला तो दिसत होता. ठाण्याच्या भिंतीला लागून, कडुलिंबाच्या सावलीत, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी एक बाक होता. बाक रिकामा होता. शालिकराम बाकापासून दोन हात लांब, उघड्या उन्हात, हात खाली सोडून उभा राहिला. आत रश्मी बोलत होती, पोलीस बाई लिहीत होती, मध्ये थांबून पुन्हा विचारत होती. बराच वेळ गेला. वच्छलाने पुन्हा पाहिलं. तो अजून उभाच होता, घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसतही नव्हता.

खिडकीतून हाक मारली असती तर त्याला सहज ऐकू गेली असती. बसा, एवढंच म्हणायचं होतं.

ती म्हणाली नाही.