साहेबाच्या तोंडून

डोंगर उंच होता, पण अवघड नव्हता. पाच माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद वाट थेट माथ्यापर्यंत जायची, म्हणून लोक त्याला म्हाताऱ्यांचा डोंगर म्हणत. त्या सकाळी वाटेवर अवघड असं एकच होतं, ते म्हणजे बरोबरचं माणूस. पुढे नणंद, मागे भावजय आणि मध्ये दोरीला बांधलेला साहेब.

साहेब म्हणजे तपकिरी, एक कान मुडपलेला कुत्रा. दिवसभर काही न करता सगळ्यांवर गुरगुरतो, म्हणून भावजयीच्या नवऱ्याने त्याचं नाव साहेब ठेवलेलं. ‘पुढच्या रविवारी साहेबाला डोंगरावर नेऊ’ असं तो चार वर्षं म्हणत राहिला, त्यासाठी नवी दोरीही आणून ठेवली, आणि गेल्या वर्षी स्वतःच जग सोडून गेला. त्याचं राहिलेलं हे काम दोघींनाही करायचं होतं आणि दुसरीला एकटीला मुळीच करू द्यायचं नव्हतं. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना म्हणतात. यांच्यातलं जमेना तेवढं खरं होतं.

वर्षभर दोघी एकमेकींशी थेट बोलल्या नव्हत्या. जे बोलायचं ते साहेबाला सांगायचं. ही खोडही नवऱ्याचीच. घरात बिनसलं की तो साहेबाला समोर बसवायचा आणि म्हणायचा, साहेब, विचार बाईंना, चहा मिळेल का. ती साहेबालाच सांगायची की साखर संपलीय. अर्ध्या तासात दोघं हसत सुटायची. लेकी बोले सुने लागे यातलाच प्रकार, फक्त तेव्हा त्यात माया होती. या दोघींनी तीच खोड उचलली आणि माया तेवढी गाळून टाकली.

नणंद मोटार चालवायला शिकवायची. चाक शेजारच्याच्या हातात असलं तरी ब्रेक आपल्या पायाखाली आहे, हा तिचा जगाबद्दलचा समज होता. पहिल्याच वळणावर तिने साहेबाला बजावलं की मागच्या बाईला सांग, डावीकडून चाल. भावजयीने साहेबाकरवीच कळवलं की माझ्या पायाला गिअर नाहीत. साहेब दोन्ही निरोप ऐकून घ्यायचा, शेपूट हलवायचा आणि पुढचा दगड हुंगायचा.

डोंगर उतरला की साहेब नणंदेकडे जाणार होता. पालिकेतला कुत्र्याचा परवाना भावाच्या नावावर होता, तो तिने गुपचूप आपल्या नावावर करून घेतला. कुत्रा दिवसभर कोंडलेला असतो, रडतो, अशी शेजाऱ्यांची तक्रारही तिनेच दारोदार फिरून लिहून आणली. तक्रार खोटी नव्हती, हेच भावजयीला जास्त झोंबलं होतं. ती लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. नऊ तास वाफेत उभं राहून घरी आली की दार उघडल्यावर उठून येणारा जीव तो एकच होता.

माथ्यावर सपाट खडक होता आणि बोचरा वारा. भावजयीने खाली बसून डब्याच्या झाकणात साहेबाला पाणी ओतलं. नणंद कुत्र्याशेजारी उकिडवी बसली.

“साहेब, त्या दिवशी घरात तू होतास. दादा झोपेत गेला, उठलाच नाही असं ही जगाला सांगते. मग सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्याचा मला फोन कसा आला?”

भावजयीचा हात थांबला. या फोनचं तिला आजच कळत होतं.

“मी गाडी शिकवत होते, उचलला नाही,” नणंद म्हणाली. “साहेब, सांग तिला, खरं बोलली तर तू तिच्याकडे राहशील. परवाना तिच्या नावावर करून देईन.”

नणंद खाष्ट होती, पण दिलेला शब्द तिने कधी फिरवला नव्हता. भावजयीकडे खोटं वर्षभर इस्त्री करून ठेवलेलं होतं, पण त्या फोनने त्याची घडी मोडली. तिने साहेबाकडे पाहिलं नाही.

“झोपेत नाही गेले, वन्सं. आमचा दोन दिवस अबोला होता. मी ओट्याशी डबा भरत होते. ते मागे टेबलाशी बसलेले. म्हणाले, साहेब, सांग बाईंना, छातीत दुखतंय.”

“मग?”

“मला वाटलं, बोलणं काढायला म्हणतायत. मी वळलेसुद्धा नाही. म्हटलं, साहेब, सांग त्यांना, बाई कामावर निघाल्या. दार ओढून घेतलं तेव्हा सात वाजले होते. संध्याकाळी आले तर ते पलंगावर, आणि हा पायाशी.”

म्हणजे दार ओढल्यापासून फोन करेपर्यंत दहा मिनिटं नवरा दाराकडे बघत बसला असणार. दोघींनी हा हिशेब एकाच वेळी केला. नणंदेचा चेहरा पांढरा पडला. ती रडेल असं भावजयीला वाटलं. ती रडली नाही, म्हणून भावजयीला रागच आला.

“फोन तुम्हीही उचलला नाहीत,” ती म्हणाली.

“नाही उचलला. पण मला ऐकू आलं नव्हतं. तुला आलं होतं.”

नणंद उठली आणि दोरी भावजयीच्या मांडीवर टाकली.

“शब्द दिलाय, ठेव त्याला. त्याने सगळं ऐकलंय. रोज दार उघडशील तेव्हा आधी त्याचंच तोंड दिसू दे तुला.”

वर्षभरात आज पहिल्यांदाच नणंद भावजयीशी सरळ बोलली होती. मागे न बघता ती उतरायला लागली आणि वळणाआड गेलीसुद्धा.

साहेब वळणाकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मग निरोप न्यायचा असला की बसायचा तसा भावजयीसमोर येऊन बसला आणि धड असलेला एक कान टवकारून तिच्या तोंडाकडे बघू लागला. तिला ती नजर सोसवेना. तिने तोंड फिरवलं. साहेब उठला आणि त्या बाजूला जाऊन बसला.