खंड्याची बाजू

दादाचा नदीवर एवढा जीव आहे, हे तिला त्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. दातांचा डॉक्टर माणूस. नदीच्या समोर घर बांधलं खरं, पण काठावर कधी पाय ठेवला नाही. बूट भरतात म्हणे. काठावर भटकायची ती, त्याची धाकटी बहीण. वाचनालयातलं काम आटोपलं की कॅमेरा गळ्यात अडकवून पक्ष्यांच्या मागे हिंडायची. दादा लहानपणापासून तिला ‘चिमणी’ म्हणायचा. तिने ते नाव सार्थ केलं होतं.

मग काठावरच्या मोकळ्या जागेत स्वस्त घरांची वसाहत होणार अशी बातमी आली आणि दादाला नदीचा पुळका आला. त्याने बचाव समितीच काढली.

“चिमणे, तो तुझा खंड्याचा फोटो दे गं. चोचीत मासा धरलेला. बघताक्षणी लोक विरघळतात.”

तिने हौसेने दिला. खंड्या काठाच्या उभ्या मातीत बीळ करून अंडी घालतो. तो काठ बांधून काढला की त्याचा संसार उठलाच. सख्खा भाऊ खंड्याच्या बाजूने उभा राहिला, आणखी काय हवं होतं तिला?

समितीच्या बैठका दादाच्या दिवाणखान्यात भरत. आतल्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. तिचं सगळं करायला सिस्टर यायची, शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून. आईला न दुखवता कुशीवर वळवणं तिलाच जमे. त्या नव्या वसाहतीत सिस्टरनेही घर मागितलं होतं. हे फक्त चिमणीला माहीत होतं.

“घर मिळालं तर चालत येईन हो ताई,” सिस्टर म्हणाली होती. “पण मग तुमचे पक्षी जाणार, नाही का?”

“काठ सोडून जरा मागे बांधली तर दोघांचंही भागेल,” चिमणी म्हणाली. पुढच्या बैठकीत तिने तसं सुचवूनही पाहिलं.

दादाने चष्मा पुसला. “बघू,” म्हणाला.

“पक्षीबिक्षी ठीक आहे हो,” निवृत्त मुख्याध्यापक बिस्किट चहात बुडवत म्हणाले, “पण शेजाराला कोण येणार ते बघा. उद्या असल्या लोकांची धुणी आपल्या खिडकीसमोर वाळत पडतील!”

सगळे खो खो हसले. दादाही हसला. तेवढ्यात आईच्या अंगाला पुसायचं पाणी घेऊन सिस्टर दारातून गेली. तिने मान वळवली नाही, पण पातेल्यातलं पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं. चिमणीला शिसारी आली. तरी ती बसून राहिली. खंड्यासाठी ही माणसं लागणारच, असं तिने मनाला समजावलं.

वसाहतीवरच्या हरकतींच्या सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. बिल्डर गोड हसत उभा राहिला. लोकभावनेचा आदर करून आराखडा बदलला आहे, म्हणाला. छोटी घरं रद्द. त्याऐवजी मोजके आलिशान बंगले, भोवती भिंत आणि काठाला दगडी बांधकाम करून फिरायला रस्ता. समितीच्या सभासदांना त्या रस्त्यावर मुक्त प्रवेश.

पहिली टाळी दादाची पडली.

चिमणी उठली. “आणि काठ? तिथल्या बिळांचं काय?”

“काठ तर देखणा होईल, मॅडम.”

दादाने तिची बाही ओढली. “बस खाली. पक्ष्याला पंख असतात, चिमणे. जाईल तो दुसरीकडे.”

“आणि फोटो आहेच की आपल्याकडे!” मुख्याध्यापक म्हणाले, आणि पुन्हा तेच दिवाणखान्यातलं हसू.

बाहेरच्या दालनात बंगल्यांच्या जाहिरातीचा फलक आधीच उभा होता. त्यावर तिचा खंड्या, चोचीत मासा धरून, दगडी कठड्यावर आणून बसवलेला. फोटो कुणी दिला, हे विचारायची गरजच नव्हती. तोंडात कुजकं काही आल्यासारखं झालं तिला. तिने फलकाचा कोपरा धरला आणि टर्रकन फाडला.

“चारचौघांत माझी शोभा करतेस?” दादा धावत आला.

“नदीच्या नावाने माणसं हाकललीस, दादा. ती गेल्यावर नदीही देऊन टाकलीस. आता शोभा कसली उरली आहे?”

दुसऱ्या दिवशी तिने सिस्टरला सगळं सांगितलं. सिस्टर आईची उशी सारखी करत होती.

“मला त्या बैठकीतच कळलं होतं, ताई.”

“मला फार घाण वाटली गं त्यांची.”

“हो, पण तुम्हीही बसला होतात ना तिथे?”

ती घाण आता चिमणीच्या स्वतःच्याही अंगाला लागली होती.

तिने आईला आपल्या दोन खोल्यांत आणलं. सिस्टर तिथेही येते, पण आईसाठी. औषधापलीकडे बोलत नाही. काठावर यंत्रं चालू झाली. त्या अंगाला चिमणी फिरकत नाही.

बंगल्यांत माणसं राहायला आल्यावर एकदा दादा फळं घेऊन आईला भेटायला आला. बंगल्यांतले नवे शेजारी फार सुसंस्कृत आहेत, असं कौतुकाने सांगत बसला. चिमणीने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तो गेल्यावर तिने खिडक्या उघडल्या आणि तो बसला होता ती खुर्ची ओल्या फडक्याने पुसून काढली.