जुनी जागा

फोरमनने तिसऱ्या बसचं बॉनेट उचललं, आत हात घातला आणि हात तसाच आत ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने बॉनेट हळूच खाली सोडलं. चौथ्या बसकडे तो गेलाच नाही.

"काय झालं?" मागून मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"फॅन बेल्ट नाही."

"ह्याही गाडीत?"

"एकाही गाडीत नसणार, साहेब."

साहेब हिशेबाच्या बाजूने वर आलेले होते. गाडीतलं त्यांना हॉर्नपलीकडे फारसं कळत नसे.

"एका पट्ट्यावाचून काय अडतं? तशीच काढा."

"काढता येईल. पुढच्या चौकात इंजिन तापून बसेल. मग ती ढकलत आणायला माणसं लागतील."

शेडमधल्या बाकावर भाड्याने आणलेले ड्रायव्हर मोबाइल बघत बसले होते. कंपनीने त्यांना पहाटेच मागच्या दाराने आत घेतलं होतं. संपाचा कणा मोडायचा, दुपारपर्यंत गाड्या रस्त्यावर दिसल्या पाहिजेत, असा वरून हुकूम होता. नवे बेल्ट मागवायचे तर ते यायला आठवडा गेला असता.

फाटकाबाहेर घोषणा चालू होत्या. त्यांत एका बाईचा आवाज सगळ्यांच्या वर चढत होता, खरखरीत, थोडा नाकातला. तो फोरमनच्या मुलीचा होता. ती याच डेपोत कंडक्टर होती आणि गेल्या वर्षापासून युनियनची सेक्रेटरी. घसा फुटेपर्यंत ओरडायची तिची खोड कुठून आली हे जुन्या माणसांना सांगावं लागत नसे. तरुणपणी फोरमन याच फाटकावर स्टुलावर चढून बोलायचा आणि लाउडस्पीकरचा खर्च वाचतो म्हणून लोक त्याला भोंगा म्हणायचे. आता ते नाव कोणी घेतलंच तर त्याच्या पाठीमागे घेई, आणि कौतुकाने नाही.

बेल्ट काढायची युक्तीही भोंग्याचीच. त्याच्या आधी संप झाला की काचा फुटायच्या, टायर फाडले जायचे आणि फुटक्या बसचे फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात झळकले की संपकऱ्यांना तोंड दाखवायला जागा उरायची नाही. भोंग्याने ते बंद केलं. गाडी मोडायची नाही, नुसती थांबवायची, असं त्याने ठरवून दिलं. उद्या आपल्यालाच ती चालवायची आहे. प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या गाडीचा बेल्ट काढायचा, आतल्या बाजूला खडूने गाडीचा नंबर टाकायचा आणि सगळे बेल्ट एकाच ठिकाणी ठेवायचे. घरी न्यायचे नाहीत, कारण घरी नेलेला बेल्ट बायकोच्या धाकाने दुसऱ्या दिवशी गुपचूप परत बसतो, हा त्याचा अनुभव होता.

ते ठिकाण म्हणजे वर्कशॉपच्या मागचा जुन्या टायरचा ढीग. रबरात रबर. कंपनीने एकदा पाण्याची टाकी उपसली होती, संडाससुद्धा तपासले होते, पण त्या ढिगाला कोणी हात लावला नव्हता. घरी मुलगी झोपत नसली की तो तिला हीच गोष्ट सांगे. इतर मुलांच्या वाट्याला राजा-राणी येत, हिच्या वाट्याला टायरचा ढीग आला.

मग तुम्ही बदललात कशाने, असं कोणी विचारलं की फोरमन एक कारण सांगत असे. शेवटचा संप महिनोन् महिने चिघळला आणि त्यात बरीच माणसं कामावरून गेली. त्यांत त्याचा जोडीदार ठेंगू होता. आठवडाभरात मिटेल, माझ्यावर सोड, असं फोरमनने त्याला सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ठेंगूने घरात कोणी नसताना गळफास घेतला. तिथे आधी पोचला तो फोरमनच, आणि दुसऱ्या कोणी येऊन दोरी कापेपर्यंत त्याने ठेंगूचे पाय छातीशी धरून ठेवले होते. त्या दिवसापासून तोंडातून घोषणा निघाली नाही, असं तो सांगे, आणि ऐकणारा गप्प बसे.

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. ठेंगू गेला त्याच्या आधीच फोरमनला सभा लांबल्या की जांभया येऊ लागल्या होत्या. पुढे बढती आली, केबिन आली, केबिनला पंखा आला. कामगारांबद्दल बोलताना 'आपण'च्या जागी 'हे लोक' कधी आलं ते त्यालाही कळलं नाही. केस पिकावेत तसं ते झालं. रोज आरशात बघणाऱ्याला ते दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. ज्या पक्षाचं नाव निघालं की तो एकेकाळी थुंकायचा, त्याला एका निवडणुकीत त्याने मत दिलं आणि घरी येऊन नेहमीसारखा जेवला.

आत्ताचा संप दुहेरी पाळीविरुद्ध होता. लागोपाठ दोन पाळ्या केलेल्या एका ड्रायव्हरचा स्टिअरिंगवरच डोळा लागला आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. ड्रायव्हर जागीच मेला. पाळ्यांचा तक्ता फोरमनच्या सहीने लागत असे. तो घरी म्हणाला होता, वाईट झालं, पण कंपनी बुडाली तर एक पाळीही हातात राहणार नाही. मुलीने तेव्हा ताटावरून न उठता, फक्त जेवण थांबवून, त्याच्याकडे बघितलं होतं. त्यानंतर ती मैत्रिणीकडे राहायला गेली.

साहेबांनी त्याला केबिनमध्ये नेलं आणि दार लोटलं.

"फोरमन, आडपडदा ठेवत नाही. दुपारी पोलीस आत येतील. बेल्ट मिळाले नाहीत तर चोरीची तक्रार करायला मला वरून सांगितलंय. पहिलं नाव कुणाचं असेल ते तुम्हाला कळतंय."

"तिने एकटीने काढले नाहीत."

"नाव तिचंच जाणार. नोकरी तर जाईलच, पण आतही जाईल. पोरीच्या जातीला ते बरं नाही." साहेबांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. "बेल्ट मिळाले तर ह्यातलं काही होणार नाही. कुणालाच काढणार नाही, माझा शब्द. तुम्ही ह्यातले जुने खेळाडू आहात."

फोरमनला ठेंगूचे पाय आठवले. ते फार जड होते.

"आधी तिच्याशी बोलतो," तो म्हणाला.

फाटकाच्या गजांपलीकडे ती स्टुलावरून उतरून उन्हात उभी होती. घसा बसल्यामुळे ती कुजबुजल्यासारखं बोलत होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. लहानपणी ताप आला की ती अशी दिसायची.

"जेवलीस का?"

"खाल्लं काहीतरी."

"अगं, दुपारी पोलीस येणार आहेत. आज मिटवून टाक. चार माणसं पाठव आत, मी साहेबांशी बोलतो."

"काय बोलणार? पाळ्या कमी करतील?"

"हळूहळू होईल. सगळं एकदम होत नाही, बाळ."

"तो ड्रायव्हर एकदम मेला, बाबा."

फोरमनने गज धरला. तो उन्हाने तापला होता, तरी त्याने हात काढला नाही.

"मी हे सगळं करून बसलोय. शेवटी कोण मरतं ते मी बघितलंय. मालक मरत नाही. तुझ्या वयात मलाही तुझ्यासारखंच वाटायचं."

"आणि तुमच्या वयात मला तुमच्यासारखं वाटेल, असंच ना?"

त्याला खरोखरच तसं वाटत होतं आणि त्यात त्याला थोडा दिलासाही होता.

"साहेबांनी तुम्हाला केबिनमध्ये नेलं होतं," ती म्हणाली. "काय विचारलं?"

"काही नाही. कामाचंच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली आणि ओढणीने तोंड पुसलं.

"बरं. उन्हात उभे राहू नका, बाबा."

परत जाताना फोरमनने मनाशी सगळं नीट मांडलं. पोरगी आत गेली तर तिची आई अंथरूण धरेल. बेल्ट मिळाले तर संध्याकाळी सगळे कामावर असतील, उद्या शिव्या देतील, परवा विसरतील. ह्यात केसाने गळा कापण्यासारखं काही नव्हतं. उलट ठेंगूच्या वेळी कोणीतरी एवढं केलं असतं तर ठेंगू आज नातवंडं खेळवत असता. केबिनच्या दाराशी पोचेपर्यंत त्याला आपलं म्हणणं पुरतं पटलं होतं. तरीही दारावर टकटक करायला त्याला वेळ लागला.

"तिचं नाव कुठे येता कामा नये," तो म्हणाला.

"शब्द दिलाय."

"वर्कशॉपच्या मागे जुन्या टायरचा ढीग आहे. त्यात."

दुपारी पोलीस आले. भाड्याच्या ड्रायव्हरांना ढीग उपसायला लावलं. टायर वर्षानुवर्षं पडलेले होते, त्यांत साचलेलं हिरवं पाणी माणसांच्या अंगावर सांडत होतं, डासांचे लोट उठत होते. इन्स्पेक्टर नाकाला रुमाल लावून उभा होता. फोरमन स्वतः पुढे झाला. बेल्ट कुठल्या बाजूला ठेवायचे ते त्यानेच ठरवलेलं होतं, भिंतीकडच्या मोठ्या टायरांच्या पोटात. त्याने एकेक टायर तपासला. हात कोपरापर्यंत काळे झाले. एका टायरात उंदराची पिल्लं निघाली. बेल्ट निघाला नाही.

तळाची जमीन दिसू लागली तेव्हा फाटकाकडून हसू ऐकू आलं. गजांतून वर्कशॉपमागचा कोपरा दिसत असे. मग टाळ्या सुरू झाल्या.

साहेबांनी फोरमनकडे बघितलं. त्यांच्या बुटावर हिरवं पाणी उडालं होतं.

"अर्धा दिवस घालवलात तुम्ही माझा."

"साहेब, इथेच असतात. मी खरं सांगतो."

"मला वाटलं होतं, तुम्ही बदललात. वरच्यांना मी स्वतः सांगितलं होतं, हा माणूस आता आपला आहे." ते भाड्याच्या ड्रायव्हरांसमोरच बोलत होते, आवाज न चढवता. "किल्ल्या द्या. आणि तक्रारीत दोन नावं जातील, बाप आणि मुलगी."

"शब्द दिला होता तुम्ही."

"कुणाला?" साहेब म्हणाले.

इन्स्पेक्टरने त्याला दंडाला धरून फाटकापर्यंत आणलं आणि बाहेर सोडलं. तिथे कोणीतरी तोंडावर थुंकेल याची त्याने तयारी ठेवली होती. पण कुणीतरी त्याला कवेत घेतलं. दुसऱ्याने पाठ थोपटली. एका दांडग्या ड्रायव्हरने त्याला लहान पोरासारखं उचलून खांद्यावर घेतलं आणि घोळक्यातून जुनं नाव उठलं, भोंगा, भोंगा.

"काका, काय फिरवलंत साहेबाला!" खांद्यावर घेणारा म्हणाला. "पोलिसांना अख्खा ढीग उपसायला लावलात. आणि आम्ही तुम्हाला काय काय बोललो."

"अरे, खाली उतरव मला. मी काही..."

"माझे वडील म्हणायचे, भोंगा विकला जाणारा नाही. मीच त्यांच्याशी भांडायचो."

फोरमनचे काळे हात त्या पोराच्या डोक्यावर टेकले होते. उन्हात एवढ्या तोंडांवर एकदम आनंद बघून त्याला रडू येत होतं, आणि लोकांना त्याचाही अर्थ आपल्या सोयीने लागत होता.

मुलगी स्टुलापाशी उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने तिला विचारलं, "पण पोरी, बेल्ट आपण ढिगातच ठेवले होते. काल संध्याकाळी तू हलवायला लावलेस ते कशावरून?"

आवाज थोडे कमी झाले. सगळ्यांनाच हे ऐकायचं होतं. खांद्यावरून फोरमनला तिचा भांग दिसत होता. आता सांगेल, असं त्याला वाटलं. सांगू दे. सांगून टाकलं तर बरंच होईल.

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"बाबांचा निरोप होता," ती बसलेल्या घशातून म्हणाली. "साहेब जुनी जागा विचारणार, मी तीच सांगतो, तुम्ही आधी रिकामी करा, असा."

मग जो गलका झाला त्यात तिचा आवाज बुडाला. फोरमन वरून तिच्याकडे बघत राहिला. असला निरोप त्याने पाठवला नव्हता. काल संध्याकाळी तर तो कशातच नव्हता. साहेबांनी त्याला अजून काही विचारलेलंही नव्हतं, आणि ही ढीग रिकामा करून बसली होती. इतकं सहज खोटं बोलणं तिच्या वयात त्याला कधी जमलं नव्हतं.

लोकांनी त्याला खाली उतरवलं तेव्हा ती पाण्याची बाटली घेऊन जवळ आली. त्याने हात पुढे केले. ती त्यांच्यावर पाणी ओतत राहिली, पण काळं निघेना.

"का सांगितलंस तसं?" त्याने हळूच विचारलं.

"संध्याकाळी लाठ्या बसणार आहेत ह्या माणसांना. त्यांना कुणीतरी लागतं."

"आणि काल? मी काही बोललोही नव्हतो तुझ्याशी."

तिने बाटली उलटी करून शेवटचे थेंब झटकले.

"नव्हता बोललात," ती म्हणाली. "मला वाटत होतं, बेल्ट उगाचच हलवले असं ठरावं. सकाळी फाटकापाशी विचारलं तेव्हाही वाटत होतं."

आईला सांगून येतो, असं काहीतरी तो पुटपुटला आणि घराच्या दिशेने वळला. तिने त्याचा ओला हात धरला. पकड घट्ट होती. बघणाऱ्यांना त्यात माया दिसली असावी, कारण दोघंतिघं हसले.

"घरी नका जाऊ," ती म्हणाली. "तिथे कुणी कौतुकाला येईल, उत्साहात बेल्ट कुठे आहेत ते तुमच्यापाशी बोलून जाईल, आणि मी बघायला नसेन. इथे बसा. पहिल्या रांगेत, मला दिसाल असे."

सतरंजीवर बसलेल्या माणसांनी सरकून त्याला जागा करून दिली. फोरमन बसला. ती स्टुलावर चढली, घसा खाकरून बोलायला लागली आणि बोलताना मधूनमधून त्याच्याकडे बघत राहिली.