शेवटच्या खुणेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुड गावी, एका किराणा दुकानामागच्या परसात, दोडक्याचा वेल जिच्या अंगावर चढला होता ती मीच. येणारीजाणारी पोरं मला वेलाची काठी म्हणायची. म्हणू देत, मी कुणाचं तोंड धरणार? पण मी बर्फ मोजायची काठी आहे. बीड जिल्ह्याच्या उन्हात उभं राहून कुणी असं सांगितलं तर हसू येणारच. खुशाल हसा, फक्त शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म उत्तराखंडातल्या एका डोंगरावर झाला. तिथे रिंगाल नावाचा बारीक, चिवट वेळू होतो. नेगीचाचांनी मला तोडलं, महिनाभर सावलीत वाळवलं आणि तापलेल्या सळईने माझ्या अंगावर चार-चार बोटांवर वीस खुणा डागल्या. चटके चांगलेच लागले, खोटं कशाला सांगू? खालच्या टोकाला लोखंडी अणी बसवली आणि त्या दिवसापासून मी कामाची झाले.

त्या डोंगरावर लोक पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायला येतात. या खेळाला स्की म्हणतात. नेगीचाचा त्या उताराचे राखणदार होते. उजाडलं की उतार चालून जायचा, ठिकठिकाणी मला बर्फात खुपसायचं आणि खाली येऊन फळ्यावर लिहायचं, आजचा बर्फ कसा आहे ते. फळ्यावर ‘चांगला’ असं लिहिलेलं दिसल्याशिवाय कुणी वर पाऊल टाकायचं नाही. माझा तेव्हा काय मान होता म्हणून सांगू! मोठमोठी माणसं हातातला चहा थंड करत माझी वाट बघायची.

तिथल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात आमच्या दिंद्रुडचा वीरेश कामाला आला. वडिलांचं किराणा दुकान आणि चार एकर रान सोडून हा पोरगा इतक्या लांब आला होता. बर्फ पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाकीचे फोटो काढत होते आणि हा मूठभर बर्फ हातात घेऊन दाबून बघत होता. नेगीचाचांनी विचारलं, हे काय करतोस? तो म्हणाला, आमच्याकडे पेरणीआधी माती अशीच दाबून बघतात. गोळा चिकट झाला तर रान अजून ओलं, भुगा झाला तर कोरडं, आणि गोळा होऊन बोटाने सहज फुटला तर वाफसा आला म्हणायचा. चाचांना हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वीरेशच्या हातात दिलं.

पोरगा हुशार होता. ताजा बर्फ त्याला जिनिंगमधून निघालेल्या रुईसारखा वाटायचा, वाऱ्याने घट्ट झालेला बर्फ सरकीच्या ढेपेसारखा. सकाळी दगडासारखा असलेला बर्फ दुपारी भिजवलेल्या कणकेसारखा होतो, हे तो आठवडाभरात शिकला. पण चाचा त्याला सारखं एकाच बर्फाबद्दल बजावायचे. तो वरून दिसत नाही. खोल, आत, साखरेसारखा मोकळा, दाणेदार थर असतो. त्याच्यावर घट्ट बर्फ बसला की वरचा अख्खा उतार एकदम निसटू शकतो. तो थर शोधायचा एकच मार्ग, मला शेवटपर्यंत आत घालायचं. अणी त्या थरात शिरली की हात एकाएकी हलका पडतो. मित्रांनो, मला बोलता येत नाही. तेवढंच माझं बोलणं.

दोन हिवाळे सगळं नीट चाललं. तिसऱ्या हिवाळ्यात मोठा बर्फ पडला आणि मग तीन दिवस लख्ख ऊन होतं. चौथ्या दिवशी वीरेश एकटाच मला घेऊन वर गेला. बर्फावर कडक पापडी धरली होती. आपल्याकडे मोठा पाऊस झाला की तीन दिवस उघडीप बघतात, वरची माती सुकली की रान तयार झालं म्हणतात आणि पेरणीची पाभर जुंपतात. वीरेशच्या मनाने तोच हिशेब केला. तीन दिवसांचं ऊन, वरून कडक, म्हणजे बर्फ बसला. त्याने मला आत घातलं, दहाव्या खुणेशी मी घट्ट थरावर अडले आणि त्याने जोर केलाच नाही. मला खालचं कळत होतं. पण अर्ध्यावर थांबलेली काठी काय सांगणार?

त्याने फळ्यावर ‘चांगला’ लिहिलं. रिवाजाप्रमाणे पहिले नेगीचाचा गेले. उताराच्या मध्यावर पोचले आणि त्यांच्या पायाखालचा बर्फ चादर ओढावी तसा सरकला. लोकांनी त्यांना छातीपर्यंतच्या बर्फातून उकरून काढलं. जीव वाचला, पण उजवा गुडघा कायमचा गेला. चाचा त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. कारण वीरेश त्याच आठवड्यात तोंड लपवून गावी निघाला, आणि हातातच होते म्हणून मीही त्याच्याबरोबर आले.

पुढची सहा वर्षं मी परसात उभी. वीरेश दुकानात साखर तोलायचा, आल्यागेल्याशी हसून बोलायचा, पण बर्फाचं नाव काढत नव्हता. माझ्या खुणा वेलाच्या तणाव्यांनी झाकून टाकल्या. दोडके मात्र भरघोस आले, ते कबूल केलं पाहिजे.

मागच्या डिसेंबरात त्याच्या थोरल्या भावाची मुलगी शिवांजली पेढे घेऊन दुकानात आली. माजलगावला कॉलेजात शिकते, एनसीसीत आहे. तिची स्कीच्या शिबिरासाठी निवड झाली होती. घरात आनंदीआनंद. वीरेशने शिबिराचं पत्र वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. तोच डोंगर होता.

“तिथं न्हाई जायचं,” तो म्हणाला.

“कावून काका?”

काकाने पत्राची घडी घालून तिच्या हातात परत दिली. आठ दिवस घरात धुसफूस चालली. शिवांजलीचं जेवणावरून लक्ष उडालं आणि तिचे वडील भावाकडे बघेनासे झाले. शेवटी वीरेशच्या आईने, मल्लम्माने, परसात कपडे वाळत घालताना त्याला गाठलं. मी दोन हातांवर होते, मला सगळं ऐकू आलं.

“पोरीला पाठवू नगं म्हणतूस तर न्हाई पाठवत,” ती म्हणाली. “पर तुला जे ठावं हाय ते तिला कळू दे. पोटात ठिवून कुणाचं भलं झालंय?”

 वीरेशने हळूहळू माझ्या अंगावरचा वेल सोडवला, एक तणावाही न तोडता. सहा वर्षांनी त्याचा हात लागला आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं.

आधी त्याने स्वयंपाकघरातली परात घेतली. तळाला साखर पसरली, तिच्यावर बेसन थापून घट्ट दाबलं आणि परात तिरपी केली. बेसनाची अख्खी वडी सर्रकन खाली आली. शिवांजली बघतच राहिली आणि मल्लम्मा बेसन वाया गेलं म्हणून पुटपुटली. मग तो मला आणि पुतणीला घेऊन सुंदररावांच्या आवारात गेला. सुंदरराव कापसाचे व्यापारी, आवारात कापसाचा डोंगर. वीरेशने एका बाजूला मोकळा कापूस पसरला, त्यावर आणखी कापूस टाकून पायांनी तुडवून घट्ट केला.

“कापसात काय हुडकायलास बे?” सुंदररावांनी विचारलं.

“बर्फ,” वीरेश म्हणाला. सुंदरराव त्याच्या तोंडाकडे बघत चहा प्यायला निघून गेले.

शिवांजलीने डोळे मिटून मला आत घातलं. घट्ट कापसाशी मी अडले. “लागली तळाला,” ती म्हणाली.

“मी बी असंच म्हणलो होतो,” वीरेश म्हणाला, आणि तिथे, त्या कापसाच्या ढिगाशी, त्याने तिला सगळं सांगितलं. नेगीचाचांचा गुडघासुद्धा. “काठी थांबली नव्हती, शिवा. मी थांबलो होतो.”

 तिने पुन्हा डोळे मिटले आणि अंगाचा भार टाकून मला दाबलं. घट्ट थर सुटला आणि तिचा हात एकदम हलका पडला. ती दचकलीच. त्या दिवसापासून पंधरा दिवस रोज दुपारी आमची शिकवणी चालली आणि जानेवारीत जुन्या चादरीत गुंडाळून मी तिच्याबरोबर गेले. एसटीचा कंडक्टर माझ्या लांबीवरून कुरकुरला, ते सोडून द्या.

शिबिराच्या पाचव्या दिवशी, तीन दिवसांच्या उन्हानंतर, सरांनी मुलींना उताराच्या वरच्या कडेला नेलं आणि बर्फ तपासायला सांगितलं. कडक पापडी होती. सगळ्या मुली चांगला आहे म्हणाल्या. शिवांजलीने मला घातलं. दहाव्या खुणेशी मी अडले. तिने भार टाकला. अकरा, बारा, आणि तेराव्याला हात हलका पडला. तिने सरांना हाक मारली. सरांनी स्वतः खणून बघितलं, तर त्यांच्या बोटांतून दाणेदार बर्फ साखरेसारखा गळला. उतार बंद झाला. दोघी मैत्रिणी तिच्यावर रुसल्या, कारण घसरायचा एक दिवस वाया गेला होता. तो उतार नंतर घसरला की नाही, मला माहीत नाही. संध्याकाळी पंगतीला सगळ्या मुली होत्या, एवढं मात्र मी मोजून घेतलं.

खालच्या चहाच्या टपरीवर एक लंगडणारे म्हातारे बसायचे. भिंतीला टेकलेली मी दिसले तसे ते उठून आले आणि माझ्या खुणांवरून बोट फिरवत राहिले. शिवांजलीने लगेच काकाला फोन लावला आणि त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर वीरेश दुकानात उभा होता, हातात साखरेचा डबा.  चाचांनी गुडघ्याचा विषयच न काढता विचारलं, माझी काठी नेलीस ती परत द्यायला तू स्वतः कधी येतोस?

“चाचा, लई उशीर झाला,” वीरेश कसाबसा म्हणाला.

चाचा म्हणाले, मग मार्चच्या आत ये, नंतर बर्फ वितळतो.

मित्रांनो, शिबिर संपवून मी दिंद्रुडला परत आले आहे. दोडक्याच्या वेलाला बाभळीचा नवा टेकू मिळाला. माझ्या अंगाला जवसाचं तेल लावून मला दुकानाच्या दाराशी उभं केलं आहे, शेजारी वीरेशची पिशवी भरलेली आहे आणि सकाळची गाडी आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात असेल तर तिला पुसून हातात घ्या, तिला काय ठाऊक आहे ते विचारा. आणि एवढं माझं ऐका, फळ्यावर ‘चांगला’ लिहायच्या आधी काठी शेवटच्या खुणेपर्यंत घाला. मी मुकी आहे, पण तिथवर नेलंत तर सांगते.