सुरूवाडीचा सबमेनू

"होडयेचा नाव काडून टाक गो," म्हणत बाबलीने खिडकीतून अर्ज आत सरकवला.

मच्छीमार सोसायटीच्या संगणकापुढे त्याचीच मुलगी बसली होती. किशोरी कणकवलीला शिकून आली आणि सोसायटीचा सगळा प्रोग्राम तिनेच लिहिला. ‘होड्या’वर क्लिक केलं की वाड्यांची नावं उघडत, वाडीवर गेलं की शेजारच्या सबमेनूत तिथल्या होड्या. ही नावं तिने हाताने टाकली नव्हती. नोंदणीत असतील ती मेनू दर वेळी नव्याने गोळा करी. होडी आली की आपोआप दिसायची. अलीकडे फक्त जातच होत्या.

देवबागजवळच्या त्यांच्या सुरूवाडीत एकच उरली होती. बाबलीची.

"बाबा, चतुर्थी होवंदे. मगे बघूया."

"काय बघतलंस? जाळ्यात काय गावणा नाय. वॉटरस्पोर्टवाल्यान होडी इकत घेतल्यान, काल ओढून नेल्यान. माकाय कामाक ठेयल्यान."

किशोरीने नोंद रद्द केली. मेनू पुन्हा उघडला. बाबली खिडकीतून वाकून पाहत होता.

"सुरूवाडी खंय गेली?"

"होडी नसली तर वाडी दिसणा नाय. मीच तसा लिवलंय. रिकामी उघडून काय दाखवतला?"

"आमी आसंव मां थंय अजून," बाबली म्हणाला आणि निघून गेला.

किशोरीने प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या. सुरूवाडी परत आली, फिकट अक्षरांत. शेजारी ‘होडी नाही’. त्यावर क्लिक होत नव्हतं.

दुपारी चेअरमन हरिश्चंद्रभाईंनी ते पाहिलं. "हे काय?"

"राहू दे ना, भाई."

"उद्या साहेब तपासणीला येतायत. वाडी आहे तर होड्या कुठे, विचारतील. काय सांगू?" ते रागावले नव्हते. त्यांची स्वतःची होडीही वर्षभर ताडपत्रीखाली पडून होती. "काढ, बाय."

तिने दोन्ही ओळी पुसल्या.

संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना तिला किनाऱ्यावर बाबा दिसला. नारिंगी लाइफ जॅकेट घालून तो पर्यटकांच्या रांगेत उभा होता, एका बाईच्या जॅकेटचे पट्टे आवळत.

"काका, पाणी खूप खोल आहे का हो?" बाईने विचारलं.

"नाही," बाबली शुद्ध मराठीत म्हणाला. "घाबरू नका. मी आहे."

त्याने मान वर केली तेव्हा किशोरी समोरच होती. त्याने दुसऱ्या माणसाचा पट्टा हातात घेतला. तिने हॉर्न न वाजवता स्कूटर पुढे काढली.