फिटरचे निरोप

जहाज पुढच्या बंदराला निघून गेलं आणि फिटर मागे राहिला, इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. इंजिनरूममध्ये वाफेची नळी फुटली होती. अशा परमुलखात अडकलेल्या खलाशांचं हवं-नको बघणारं एक मंडळ होतं, त्यातल्या, तिथेच स्थायिक झालेल्या एक मराठी मावशी रोज चारला यायच्या. त्यांनी तीस वर्षं शाळेत निबंध तपासले होते. आता फिटरच्या फोनवरून त्याच्या बायकोला निरोप लिहायच्या.

"लिहा, ठीक आहे. जेवलो," फिटर सांगायचा.

"बस्स?"

"आणखी काय? रोज तेवढंच तर होतं."

मावशींचे हात शिवशिवायचे. परवा त्यांनी 'जेवलो'च्या पुढे हळूच जोडलं, 'तुझी फार आठवण येते.' काल तर खिडकीतून दिसणारा सूर्यास्तही घातला.

आज उत्तर आलं. मावशी मोठ्याने वाचू लागल्या आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. 'कोण लिहितंय हे? अठरा वर्षांच्या संसारात ह्यांनी कधी मान वर करून आभाळ पाहिलं नाही. ह्यांचे हात कुठे आहेत?'

घरी फिटरने सांगितलं होतं, बोटाला जरा चटका बसलाय. त्याने मावशींकडे पाहिलं. "सूर्यास्त?"

"छान होता हो," मावशी पुटपुटल्या.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आलाच. मावशींनी फोन धरला. फिटरने हात चादरीखाली सरकवले.

"हात वर करा," बायको म्हणाली.

त्याने केले. तिने चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आणला.

"मला का नाही सांगितलं?"

"तू रडत बसली असतीस."

"मग आता काय मी नाचतेय?"

फिटर हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते. मावशींनी रुमाल काढला.

"त्या बाई कोण?"

"माझ्या लेखनिक."

"त्यांना म्हणावं, रोज लिहा. पण जखमेचं लिहा, आभाळाचं राहू द्या."

मावशींनी निमूटपणे मान डोलावली. त्या दिवसापासून निरोपात ताप, पट्टी आणि डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं जाऊ लागलं.

तिसऱ्या आठवड्यात उजवा अंगठा मोकळा झाला. फिटरने फोन मांडीवर घेतला, मावशींकडे पाठ वळवली, एकदा खिडकीबाहेर वर पाहिलं आणि पाव तास टकटक करत बसला.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "ह्यात 'ळ' कुठे असतो?"

त्यांनी बोटाने दाखवला आणि नजर मुद्दाम भिंतीकडे ठेवली.